रसल पलटनीतला महेबूब

बद्रीनाथ जालना स्टेशनात हमाली करायचा. सन बावीसच्या हिवाळ्यात एका दुपारी कापसाचे गठ्ठे मालडब्यात चढवून तो घाम पुसत उभा होता, तेव्हा परभणीकडं जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून एका शिपायानं त्याला हाक मारली. तू जालन्याचाच का, म्हणून विचारलं. बद्रीनाथ हो म्हणाला. शिपाई म्हणाला, रसल पलटनीतला महेबूब, तुमच्या जालन्याचा, तापानं गेला. तेवढं त्याच्या घरी सांगा. कोणाचा महेबूब, असं बद्रीनाथ विचारतो तोवर गाडीनं धक्का घेतला. शिपाई आणखी काही तरी बोलला, पण ते इंजिनाच्या शिट्टीत गेलं.

खरं तर बद्रीनाथला उत्तर मिळायची गरजही वाटली नाही. जुन्या छावणीत त्याच्या घराच्या भिंतीला लागून ख्वाजामियाँचं घर होतं, आणि ख्वाजामियाँचा एकुलता एक मुलगा शेख महेबूब रसल पलटनीत होता. चार वर्षांमागं तो समुद्रापार इराककडं गेला तेव्हा त्याची वळकटी बद्रीनाथनंच डब्यात ठेवून दिली होती. घरी आता ख्वाजामियाँ आणि महेबूबची बायको अकबरबी, एवढी दोनच माणसं.

बद्रीनाथला ते घर ओलांडून आपल्या दारात जायचंही धाडस होईना. शेवटी त्यानं बायकोला सांगितलं. गोजरबाई आणि अकबरबी एकाच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायच्या, एकमेकींच्या घरची भाजी खायच्या.  दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या आवारात, ढिगापाशी बसल्यावर, कापसातला काडीकचरा वेचता वेचता गोजरबाईनं खाली मान घालून सांगून टाकलं.

अकबरबीचे हात थांबले. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कोणती रसल म्हणला?"

"म्हंजी?"

"रसल दोन हायेत, गोजरबाई. पहिली का दुसरी?"

गोजरबाईला हे ठाऊक नव्हतं. बद्रीनाथलाही नव्हतं. त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, पण शिपाई पहिली म्हणाला नव्हता, दुसरीही म्हणाला नव्हता.

रसल दोन कशा झाल्या, हे छावणीत सगळ्यांत चांगलं ख्वाजामियाँला माहीत होतं. म्हणजे त्यांचं तसं म्हणणं होतं. शंभरेक वर्षांमागं हैदराबादेत रसल नावाचा इंग्रज रेसिडेंट होता. त्यानं निजाम सरकारच्या पैशानं इंग्रजी कवायतीच्या दोन पलटणी उभ्या केल्या. लोक त्यांना पहिली रसल आणि दुसरी रसल म्हणू लागले. साहेब विलायतेला गेला, मेला, पण नाव राहिलं. पुढं या पलटणी कंटिंजंटमध्ये, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या इंग्रजी फौजेत, गणल्या जाऊ लागल्या, तेव्हा कागदावर नुसते एक नंबर आणि दोन नंबर आले. ख्वाजामियाँ पहिलीत होते. ते पेन्शनीवर घरी आले आणि थोड्याच वर्षांत कंटिंजंटच मोडली, जालन्याच्या छावणीतल्या बराकी ओस पडल्या, आणि एक नंबरची पलटन चौऱ्याण्णव झाली, दोन नंबरची पंच्याण्णव. ख्वाजामियाँला हा हिशेब कधी पटला नाही. एकाचे चौऱ्याण्णव व्हायला मधली माणसं कुठून आली, असं ते विचारायचे. स्वतः ते आकडा घ्यायचेच नाहीत. आमची रसल, एवढंच म्हणायचे.

सुनेनं त्यांना खबर सांगितली तेव्हा ते बाजेवर बसून दाढीला मेंदी लावत होते. त्यांनी मेंदीचा हात तसाच धरून ठेवला. म्हणाले की पहिल्या रसलचा शिपाई गोळीनं मरतो, तापानं मरत नाही. तापानं मेला असेल तर तो दुसरीतला. मग त्यांना एकदम आठवलं आणि ते उठून उभे राहिले.

"दुल्हन, बदनापूरचा एक महेबूब हाय. तो बी रसलमध्येच गेल्ता."

ही गोष्ट अकबरबीला नवीन होती. पण तिच्यात नवल काहीच नव्हतं. आधीच्या निजामाचं नाव महेबूब. त्याच्या राज्यात जन्मलेल्या पोरांत गल्लीगणिक महेबूब सापडायचे. बदनापूरचा तो पोरगा आणि आपला मुलगा, दोघांना भरतीला ख्वाजामियाँनीच नेलं होतं. दोघांनाही पहिलीत घ्या म्हणून त्यांनी सुभेदाराला विनवलं होतं. एकाला पहिलीत घेतलं, एकाला दुसरीत. आणि बदनापूर तेव्हा जालना तालुक्यातच असल्यानं कोणी गाव विचारलं तर तो पोरगाही जालनाच सांगत असणार.

"मंग दुसरीत कोण गेलं?" अकबरबीनं विचारलं.

"आपला पहिलीत," ख्वाजामियाँ म्हणाले. "त्यानंच सांगितलं मला."

मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले की नुसत्या शंकेवर कोणी विधवा होत नाही, पक्की खबर येईपर्यंत इद्दत, विधवेचे ते चार महिने दहा दिवस, धरू नये. पण बांगड्या वाजवत हिंडायचंही अकबरबीला जमेना. गोजरबाईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळून दिल्या. फोडल्या नाहीत आणि वाजणारही नाहीत. जिनिंगमध्ये बायका विचारायच्या, हाताला काय लागलं? अकबरबी म्हणायची, काही न्हाई.

आठवडा असा गेला. मग ती गोजरबाईला घेऊन गाडीनं बदनापूरला गेली.

तिथल्या महेबूबचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं. त्याची बायको अजीजुन्निसा दोन म्हशी पाळून होती. त्यांचं दूध रोज जालन्याला जायचं. पलटनीतल्या माणसाच्या घरचं कोणी आलंय म्हटल्यावर तिनं अंगणात घोंगडं टाकलं, दोघींपुढं दुधाचे पेले ठेवले, भाकऱ्या टाकायला बसली. अकबरबीपेक्षा ती चारपाच वर्षांनी मोठी होती. घरात पुरुषमाणूस नाही, म्हशीला रेडकू झालंय, नवऱ्याचं पत्र येऊन वर्ष झालं, असं ती एकामागून एक सांगत राहिली. त्या दोघी आपसांत दखनीत बोलत होत्या. मी ते आपल्या बोलीत सांगतो.

"आपा, तुमचे कोणत्या रसलमध्ये हायेत?" अकबरबीनं विचारलं.

"पहिलीत," अजीजुन्निसा म्हणाली. "भरती झाल्याबरोबर सांगून गेलते."

अकबरबीनं गोजरबाईकडं पाहिलं. गोजरबाईनं पेल्यात पाहिलं. दोघांना एकाच पलटनीत घेतलं नव्हतं, हे तर ख्वाजामियाँ छातीवर हात ठेवून सांगत होते. म्हणजे दोघांपैकी एकानं घरी खोटं सांगितलं होतं, किंवा ख्वाजामियाँना नीट आठवत नव्हतं. अकबरबी भाकरी खात राहिली. तिनं म्हशीचं रेडकू पाहिलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि ज्या कामाला आली होती ते न करताच उठली.

परतीच्या गाडीत गोजरबाईला राहवलं नाही. "सांगायला आल्तो ना आपण?"

"काय सांगू?" अकबरबी म्हणाली. "तुझा मेला आसंल तर माझं बरं होईल, आसं सांगू?"

पण असली गोष्ट राहत नाही. दुधाचे हंडे घेऊन जाणाऱ्या गवळ्यानं जालना स्टेशनात बद्रीनाथच्या सोबत्यांकडून ती ऐकली आणि बदनापूरला पोचवली. तिसऱ्या दिवशी अजीजुन्निसा छावणीत हजर झाली. ख्वाजामियाँ घरात नव्हते. तिनं उंबऱ्यातच विचारलं, "माझ्या घरचं दूध पिऊन गेलीस, आन् मनात माझ्याच माणसाला मारून गेलीस का?"

अकबरबी खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "हो."

 अजीजुन्निसा खाली बसली आणि डोक्यावरचा पदर तोंडात धरून म्हणाली, "मी बी तेच करून राह्यले. इथं येईस्तवर रस्ताभर तुझ्या माणसाला मारत आले."

त्या दिवशी त्या दोघी ख्वाजामियाँच्या घरी जेवल्या. त्यांच्यात मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. एकच मरण होतं आणि ते दोघींपैकी एकीचं होतं. दोघींनाही ते नको होतं, आणि आपल्याला नको म्हणजे ते दुसरीवर यावं, असा तो गुंता. तरी त्या एकमेकींना सोडूही शकत नव्हत्या, कारण बाकी कोणाला हे कळण्यासारखं नव्हतं. शेवटी ख्वाजामियाँनी ठरवलं की औरंगाबादच्या छावणीत जाऊन विचारायचं. इंग्रज सरकारच्या पलटनीचं इंग्रज सरकारलाच माहीत असणार.

ते तिघं गेले. ख्वाजामियाँनी ट्रंकेतून जुना कोट काढला, छातीवर पदक लावलं, दाढी पुन्हा रंगवली. छावणीच्या कचेरीत एक बाबू बसला होता, त्याच्या बाजूला एक पंजाबी हवालदार. ख्वाजामियाँनी टाचा जुळवून सलाम केला आणि सांगितलं की पहिल्या रसलच्या एका शिपायाचा पत्ता हवा आहे.

बाबूनं कपाळाला आठ्या घातल्या. हवालदार म्हणाला की म्हणजे चौऱ्याण्णव नंबर. बाबू म्हणाला, चौऱ्याण्णव आता नाही. पंच्याण्णव विचारली, तर तीही नाही. सरकारनं सगळ्या हिंदुस्थानी पलटणींचे जुने नंबर काढून टाकलेत, पाचसहा पलटणींची मोट बांधून एकेक रेजिमेंट केली आहे.

ख्वाजामियाँचा चेहरा उतरला. अजीजुन्निसानं अकबरबीचा हात धरला. दोघींना वाटलं, माणूस गेला तो गेला, आता अख्खी पलटनच गेली.

हवालदार भला होता. तो म्हणाला, "बाबा, पलटन मेली नाही. नाव गेलं. पहिली रसल आता हैदराबाद रेजिमेंटची पहिली बटालियन, आणि दुसरी रसल झाली दहावी."

"दुसरीची दहावी?" ख्वाजामियाँनी विचारलं. "मधल्या सात कुठं गेल्या?"

हवालदारानं सांगायचा प्रयत्न केला. दहावी म्हणजे नव्या भरतीला शिकवणारी बटालियन. प्रत्येक रेजिमेंटमध्ये तिला दहावाच नंबर. ती आग्र्याला असते. तिच्या आधी नऊ असल्याच पाहिजेत असं नाही. ख्वाजामियाँ मान हलवत होते, पण त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं की त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी दुसरं विचारलं. हैदराबाद रेजिमेंट म्हणजे आपल्या निजाम सरकारची का? नाही, इंग्रजांची. निजामाची फौज वेगळी. मग हिला हैदराबाद कशाला म्हणायचं? हवालदारानं बाबूकडं पाहिलं. बाबू म्हणाला की ते त्याला माहीत नाही, पण रसल नाव अगदीच गेलेलं नाही, पहिल्या बटालियनच्या नावापुढं ते ब्रॅकेटमध्ये ठेवलं आहे.

हे मात्र ख्वाजामियाँनी पक्कं धरलं. त्यांना वाटलं, ब्रॅकेट हे गावाचं नाव आहे. त्यांनी बाबूला विचारलं की ब्रॅकेट मुलखात कोणत्या बाजूला येतं, हवापाणी कसं आहे. बाबूला हसू आलं, पण त्या दोन बायांचे चेहरे पाहून त्यानं ते आवरलं. जालन्याला परतल्यावर ख्वाजामियाँ भेटेल त्याला सांगत, आमची रसल सध्या ब्रॅकेटला आहे.

बाबूनं दोन्ही महेबूबांची चौकशी करतो म्हणून सांगितलं, पण शिपायाचा नंबर विचारला तेव्हा दोघी एकमेकींकडं पाहू लागल्या. नवऱ्याला नंबर असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. परतताना गाडीत अजीजुन्निसा म्हणाली की गावात लोक त्यांना म्हशीवाल्या घरचा महेबूब म्हणतात, कागदावर ते चालत नसणार.

चौकशीचं काही कळलं नाही. संक्रांत गेली. जिनिंगचा हंगाम उतरणीला लागला. चिंध्या मळल्या की अकबरबी बदलायची. अधूनमधून अजीजुन्निसा गवळ्याबरोबर लोणी पाठवायची, इकडून गोजरबाई तिच्यासाठी तिळगूळ पाठवायची. गोजरबाई म्हणायची, ह्या दोघींत मी कोणाची, मलाच उमगंना.

होळी चारपाच दिवसांवर असताना बद्रीनाथ स्टेशनातून धावत आला. सकाळच्या गाडीनं बदनापूरला एक शिपाई उतरला होता. खाकी कपडे, वळकटी, काळा लोखंडी पेटारा. स्टेशनमास्तरच्या माणसानं स्वतः पाहिला. तो म्हशीवाल्या घराकडं गेला.

अकबरबी दारात पाणी शिंपडत होती. तिनं तांब्या खाली ठेवला. काही विचारलं नाही. बदनापूरचा आला म्हणजे जालन्याचा गेला, एवढा हिशेब करायला कोणी लागत नाही. ती घरात गेली, हातांवरच्या चिंध्या सोडल्या, आणि पाट्यावर मनगट आपटून एकेक बांगडी फोडली. ख्वाजामियाँ बाजेवर होते. आवाज ऐकून त्यांनी कूस भिंतीकडं केली. गोजरबाई आली ती काचा गोळा करत बसली. तिच्या बोटाला कापलं तरी थांबली नाही.

दुपारी अजीजुन्निसा आणि तिचा नवरा दारात उभे राहिले. अकबरबीनं त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिला वाटलं, सांत्वनाला आलेत. अजीजुन्निसाची नजर तिच्या ओक्या हातांवर गेली आणि ती मटकन खाली बसली.

"हे काय केलंस गं," ती म्हणाली. "तो जिता हाय."

बदनापूरच्या महेबूबनं मग सगळं सांगितलं. तो स्वतः पहिल्या रसलमध्ये होता, खरोखरच. पलटणीची माणसं कमी करत होते, म्हणून त्याला सोडलं. घरी पाठवण्याआधी आग्र्याला पाठवलं होतं. तिथं दहाव्या बटालियनमध्ये ख्वाजामियाँचा महेबूब नव्या पोरांना कवायत शिकवत होता. दोघं एका ताटात जेवले. तो धडधाकट आहे, नाईक झाला आहे, वर्षभरात त्यालाही सोडतील.

अकबरबी ऐकत होती, पण तिला त्यातलं फक्त आग्रा आणि जेवले एवढंच ऐकू येत होतं. हात भुंडे होते आणि नवरा जिता होता. कशाचं काय करायचं ते तिला कळेना. ती एकदा हसली आणि मग ढसाढसा रडली. इतक्या महिन्यांचं सगळं रडणं तेव्हा आलं.

ख्वाजामियाँ बाजेवर उठून बसले. "दहावी म्हंजी दुसरी रसल ना?" त्यांनी विचारलं.

बदनापूरचा महेबूब घुटमळला. मग म्हणाला, हो चाचा.

मुलगा पहिल्यापासूनच दुसरीत होता. बापाला वाईट वाटू नये म्हणून पहिली सांगून गेला होता. 

तेवढ्यात गोजरबाईनं, बोटाला चिंधी बांधता बांधता, विचारलं, "मंग गेला कोण?"

सगळे तिच्याकडं पाहू लागले. इतके दिवस मरण या दोन घरांतच फिरत होतं. ते बाहेरचं असेल हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. बदनापूरचा महेबूब म्हणाला की मेला तो जालन्याजवळच्या शेलगावचा महेबूब. पहिल्या रसलमध्ये त्याच्याच तंबूत होता. दवाखान्यात आठवडाभर तापानं फणफणला. त्याच्या घरी सरकारी खबर गेली असेलच.

"ती कुठल्या पलटनीच्या नावानं गेली आसंल?" अकबरबीनं विचारलं.

बदनापूरच्या महेबूबनं स्वतःचे कागद काढून पाहिले. त्याच्याच कागदांवर दोन जागी दोन नावं होती.

दुसऱ्या दिवशी ते चौघं शेलगावला गेले: अकबरबी, अजीजुन्निसा, तिचा नवरा आणि गोजरबाई. जाण्याआधी गोजरबाईनं कासाराकडून अकबरबीच्या हातांत हिरव्या बांगड्या भरून आणल्या. अकबरबी त्यांवर पदर ओढून बसली होती. मरणाची खबर घेऊन जाताना नव्या बांगड्या तिला लाजवत होत्या.

शेलगावच्या महेबूबची आई मदारबी गावाच्या कडेला एकटी राहायची. घरासमोर एक म्हातारा बैल बांधलेला. ती अंगणात डाळ पाखडत होती. खबर आली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. पाहुणे कुठले, काय काम, म्हणून तिनं हसून विचारलं.

सांगायचं कोणी, हे रस्त्यात ठरलं नव्हतं. अकबरबी पुढं होऊन तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अम्मा, रसल पलटनीतून निरोप हाय."

मदारबी म्हणाली, मग तुम्ही चुकीच्या घरी आलात. माझा महेबूब रसलमध्ये नाही. तो हैदराबादच्या पलटनीत आहे. मागल्या साली गावातल्या एकानं त्याचा निरोप आणला होता, त्यात हैदराबाद म्हटलं होतं. निजाम सरकारच्या शहरात आहे, लढाईबिढाई नाही, राजवाड्यापुढं पहारा देतो.

 रसल तीच हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे हैदराबाद नाही, हे औरंगाबादच्या हवालदाराला ख्वाजामियाँला समजावता आलं नव्हतं. अकबरबी या बाईला काय समजावणार होती? क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं की हा महेबूब चौथा असेल, मरण अजून पुढच्या गावाला न्यायचं असेल. अजीजुन्निसाही नवऱ्याकडं तशाच आशेनं पाहत होती.

तो मात्र बैलाकडं पाहत होता.

"अम्मा," तो म्हणाला, "तुमचा महेबूब झोपेत बोलायचा का?"

मदारबीचं सूप थांबलं.

"आमच्या तंबूत तो रोज झोपेत बैल हाकायचा. पोरं हसायची त्याला."

"काय नाव घ्यायचा?"

"हौश्या."

बैलानं कान हलवले. मदारबीनं डाळ नीट एका बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बैलापाशी जाऊन त्याच्या मानेला धरून उभी राहिली.  मग तिथूनच तिनं विचारलं की शेवटच्या दिवसांत त्याला पाणी कोण पाजत होतं. मी, असं बदनापूरचा महेबूब म्हणाला. 

त्या संध्याकाळी त्यांनी तिला एकटं सोडलं नाही. अजीजुन्निसानं चूल पेटवली, गोजरबाईनं उरलेली डाळ पाखडून शिजत घातली. अकबरबीनं मदारबीचा हात हातात धरला, नजर मनगटावर गेली, तर ती म्हणाली, बांगड्या माझ्या कवाच्या गेल्या, त्याचा बाप गेला तवाच. ती बाई पुढं सात वर्षं जगली. खबर दिली त्यापासून चाळिसाव्या दिवशी मुलाच्या नावाचं जेवण अजीजुन्निसानं बदनापूरहून करून नेलं. नंतरही दर उन्हाळ्यात कधी ती, कधी अकबरबी शेलगावला जाऊन राहायची. बैल गेला तेव्हा बदनापूरच्या महेबूबनं त्याला शेताच्या बांधावर पुरला.

अकबरबीचा नवरा चोविसाव्या साली आला. स्टेशनात बद्रीनाथनं त्याला डोळे फाडून पाहिलं आणि मग मिठी मारली. घरी ख्वाजामियाँनी विचारलं, पहिलीतच होतास ना? तो म्हणाला, हो अब्बा, पहिलीतच. अकबरबी चुलीपाशी होती. म्हाताऱ्याला खरं माहीत आहे हे तिला माहीत होतं, नवऱ्याला ते माहीत नाही हेही माहीत होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ख्वाजामियाँ मरेपर्यंत कोणाला सांगायचे की मुलगा पहिलीत होता, तर कोणाला, फार खुशीत असले की, दुसरी रसलही काही कमी नव्हती.

पलटणींची नावं पुढंही बदलत राहिली. दुसरं महायुद्ध संपता संपता हैदराबाद रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. महेबूबला ते बऱ्याच दिवसांनी, पेन्शन घ्यायला गेला तेव्हा कळलं. कुमाऊं पहाडात आहे म्हणतात. तो तिथं कधी गेला नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य ताब्यात घ्यायला हिंदुस्थानी फौज जालन्यात आली. छावणीतल्या मुसलमान घरांसाठी ते दिवस भीतीचे होते. बद्रीनाथ म्हातारा झाला होता तरी महेबूबच्या दारात बाज टाकून बसायचा. ज्यांनी कधी बंदूक धरली असेल त्यांनी येऊन सांगावं, असा पुकारा झाला. महेबूबनं अंगरखा चढवला आणि बायकोला विचारलं, काय सांगू? रसल, हैदराबाद का कुमाऊं?

"हैदराबाद म्हणू नका," अकबरबी म्हणाली.

तो गेला. सडकेवर टेबल टाकून एक पहाडी हवालदार बसला होता. महेबूबनं टाचा जुळवल्या आणि सांगितलं, कुमाऊं. हवालदाराचा चेहरा उजळला. तो आपल्या पहाडी बोलीत भराभर काही तरी बोलला. महेबूबला एक शब्द कळला नाही. त्यानं मान हलवली, मग नाही म्हणून हलवली. हवालदारानं त्याच्या मेंदीच्या दाढीकडं पाहिलं, महेबूबनं हवालदाराच्या टोपीवरच्या कुमाऊंच्या बिल्ल्याकडं पाहिलं.  मग हवालदारानं हातानं खूण केली, जा म्हणून.

घरी अकबरबी दारातच उभी होती. काय झालं, तिनं विचारलं.

"कळलं न्हाई," महेबूब म्हणाला. "घरी जा म्हणला."

तो बद्रीनाथशेजारी बाजेवर टेकला, आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.